नऊ नंबरची लोकर

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्समध्ये, आमच्या गल्लीत पाच घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. छपराखालचा माळा मात्र पाचांचा मिळून एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्याने तिथल्या भिंतींच्या विटा वाचवल्या आणि कटकट आमच्यासाठी ठेवली.

माझ्या बायकोचे, बेरिलचे, दोन हिवाळे छातीच्या दुखण्याने हॉस्पिटलात गेले होते. "झोपायची खोली अठरा अंशांखाली गेली तर तिसरा हिवाळा निघणार नाही," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आमची खोली चौदावर. मी पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. उष्णता फुकट येत नाही आणि हवेत विरत नाही. आमची माळ्यावरून निघून जात होती.

म्हणून क्रेग लम्ब या कारागिराला बोलावलं. त्याने ऊब अडवायला माळ्यावर फूटभर जाडीची काचेची लोकर अंथरली आणि आमची हद्द संपते तिथे सुतळी बांधली. पलीकडे नऊ नंबर. म्हातारे ऑग्डेन वारले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ते घर बंद आहे.

खोली अठरावर आली, पण दोन दिवसांनी पुन्हा पंधरावर. वर चढून पाहिलं, तर बेरिलच्या पलंगाच्या बरोबर वर येणारे लोकरीचे दोन पट्टे गायब. ते सुतळीपलीकडे, नऊ नंबरच्या बाजूला, शेजारी शेजारी नीट अंथरलेले.

"साहेब, लोकरीला काय पाय फुटतात?" क्रेग म्हणाला. "तुम्हीच सरकवली असणार."

"मी? आधी माझ्या गुडघ्यांना विचार!"

त्याने पट्टे परत आणले. ते पुन्हा गेले. पुन्हा आणले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला क्रेग शिडीवरूनच परत फिरला.

"पलीकडे बोटभर धूळ आहे, साहेब. पावलं फक्त माझी." मग चहासुद्धा न घेता गेला. या माणसाने आमच्याकडचा चहा सोडल्याचं मी प्रथमच पाहिलं.

वैताग आला की आमच्याकडे माणसं चिठ्ठी लिहितात. मीही लिहिली: 'स. न. आमची लोकर चुकून आपल्याकडे आली आहे. सवडीने परत करावी. आपला, सात नंबरचा हॉवर्थ.' बंद घराच्या दारातल्या फटीतून आत सरकवली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून गल्लीभर नजर फिरवली.

सकाळी लोकर जागेवर होती. कडा क्रेगपेक्षा नेटक्या खोचलेल्या. खोली अठरावर.

"गारठला असेल रे तो म्हातारा," बेरिल म्हणाली. "दे ना त्याला दोन गुंडाळ्या."

"बेरिल, तिथे कोणी राहत नाही."

"मग तू चिठ्ठी कुणाला लिहिलीस?"

मी दोन गुंडाळ्या विकत आणल्या, माळ्यावर चढवल्या आणि सुतळीपलीकडे ढकलल्या. गुडघे आठवडाभर बोलत होते.

मग बर्फ पडला. आमच्याकडे बर्फ पडला की कुणाच्या घराची ऊब वाया जाते ते छपरं सांगतात. ज्यांनी लोकर घातली नाही त्यांची कौलं बर्फ वितळून उघडी पडली. आमचं छप्पर पांढरंशुभ्र. मला अभिमान वाटला. नऊ नंबरचंही पांढरं, पण मधोमध एक काळा पट्टा वितळलेला. माणसाएवढा लांब, एका टोकाला गोल.

बंद घरात ऊब कसली? मी स्वतःला म्हटलं, कौल फुटलं असेल.

दुसऱ्या दिवशी घर तापवणारा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी येतो. बेरिलला सांगितलं नाही. तिच्यावर सगळ्या रजया घातल्या आणि मी कोट घालून मागच्या खोलीत झोपलो.

सकाळी अंगणात गेलो. रात्री पुन्हा बर्फ पडला होता. नऊ नंबरचं छप्पर आता अखंड पांढरं होतं.

काळा पट्टा आमच्या छपरावर होता. बेरिलच्या पलंगाच्या बरोबर वर.

चहा घेऊन वर गेलो. खोली एकवीसवर. रजया खाली पडलेल्या. बेरिल बसली होती, गाल लाल, खोकला नाही.

"किती छान ऊब आहे रे," ती म्हणाली. "बॉयलर थोडा कमी केलास तरी चालेल."

मी कप पुढे केला. तिची बोटं माझ्या बोटांना लागली.

बर्फाखालच्या कौलाइतकी गार. उष्णता फुकट येत नाही; खोलीतली ऊब तिच्यातूनच आली होती.