गोदूचं मत

“हे धन विधेयक आहे! राज्यसभेला ते अडवता येणार नाही!” केसरीनाथ ओरडला.

“अजिबात नाही,” माळ्यावरून कमळा म्हणाली. “पाण्याचा आणि धनाचा काय संबंध?”

“पाण्यावर कर असतो. आणि विधेयक धनाचं की नाही, हे लोकसभेचा अध्यक्ष ठरवतो. अध्यक्ष कोण? मी!”

त्र्याहत्तरचा तो दुष्काळी उन्हाळा. भिवंडीत कामतघरच्या तीन चाळींतल्या पोरांनी सुट्टीत संसद भरवली होती. जागा होती केसरीनाथच्या बाबांची, हिरामणशेठांची, रिकामी शेड. चाळीही त्यांच्याच. लोकसभा खाली फरशीवर बसायची. तिचे सदस्य सगळ्या पोरांनी थेट मतं देऊन निवडले होते. मत म्हणजे मागावरची सूत गुंडाळायची रिकामी कांडी, ती आवडत्या उमेदवाराच्या डब्यात टाकायची. राज्यसभा बसायची माळ्यावर. तिच्यासाठी मात्र सगळ्यांनी मतं द्यायची नव्हती. प्रत्येक चाळीचे निवडून आलेले पंच म्हणजे त्या चाळीची विधानसभा, आणि तेच आपले माणूस वर पाठवायचे. कमळा ही केसरीनाथची चुलत बहीण, वरच्या सभागृहाची सभापती.

आजचा प्रश्न खेळातला नव्हता. चाळीच्या हौदातलं पाणी जवळजवळ रोज सकाळी गायब व्हायचं. नगरपालिकेचं पाणी येऊन जायचं, आणि दुपारपर्यंत हौदाचा तळ दिसायचा. केसरीनाथने चोर शोधला होता: मुरबाडकडून नुकतीच आलेली गोदू आणि तिची आई रंगूबाई. पुरावा? त्यांच्या दारातले दोन हंडे कायम भरलेले. तेव्हा त्यांना हौदावर बंदी, असं विधेयक लोकसभेने दणक्यात मंजूर केलं होतं. गोदूला बोलू दिलं नव्हतं. नवीन आलेल्यांना मत नाही, हा नियमही केसरीनाथचाच.

“शुक्रवारी हौद भरलेला राहतो, तो कसा?” कमळाने विचारलं. “शुक्रवारी गोदू काही गावाला जात नाही.”

“शुक्रवारी माग बंद. तिचा बाप घरी असतो. त्याला घाबरते ती.”

“आधी चौकशी करू. धन विधेयकसुद्धा आम्ही चौदा दिवस ठेवू शकतो.”

“खेळात एक दिवस म्हणजे एक मिनिट,” केसरीनाथ म्हणाला, आणि लोकसभा खो खो हसली.

चौदा मिनिटांनी कायदा झाला. दहा वर्षांचा विठू, लोकसभेतला सगळ्यांत मोठा गळा, तो चाळभर ओरडत सुटला, “रंगूबाईला हौदावर बंदी! पाणी तीच चोरते!”

तहानेने आधीच तापलेल्या बायकांना तेवढं पुरलं. त्यांनी रंगूबाईच्या डोक्यावरचा हंडा ओढून हौदात रिकामा केला. “आवो, आमी न्हाय घेतलं,” रंगूबाई सांगत राहिली. “लांबच्या विहिरीवरनं आनतो आमी, म्हनून हंडे भरलेले.” हिरामणशेठ आले, त्यांनी पोरांच्या तोंडून ऐकलं आणि फर्मावलं, “आठवड्यात खोली खाली करा.”

गोदू केसरीनाथकडे बघत होती. ती रडत नव्हती, त्यामुळे त्याला जास्तच कसंतरी झालं. गोदूच्या घरच्यांना आता घरच राहणार नव्हतं. खेळ इतका लांब जाईल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाने त्याला हौदाकडे ओढत नेलं.

“सांग, शुक्रवारी काय बंद असतं?”

“माग.”

“माग का बंद असतात?”

“वीज नसते म्हणून.” आणि तो थबकला. “म्हणजे चोर विजेवर चालतो?”

दोघं हौदाच्या नळाचा माग काढत निघाली. नळ रिकाम्या शेडच्या मागे गेला होता. तिथे त्याला एक काळा पाइप जोडलेला होता, आणि पाइपच्या टोकाला मोटर. आजूबाजूच्या मागांच्या खडखडाटात तिचा आवाज कुणाला ऐकू येणार? हिरामणशेठांच्या नव्या शेडचं बांधकाम चालू होतं, तिच्या भिंतींवर मारलेलं पाणी वाहत थेट गटारात चाललं होतं. तिथे एकही माणूस नव्हता. शेठ बटण दाबून चहाला गेले असणार.

ती मोटर केसरीनाथने ओळखली. सुट्टी लागली तेव्हा बाबांबरोबर त्यानेच ती घरच्या विहिरीवर बसवली होती. विहीर आटल्यावर बाबांनी ती इथे आणली असणार.

“कोणाला सांगायचं का?” कमळाने हळूच विचारलं. तिचेही ते काकाच होते.

केसरीनाथने बटण बंद केलं. मग तो हौदाच्या कट्ट्यावर चढला आणि त्याने सगळ्यांना हाका मारल्या. “पाणी आमच्या मोटरीने नेलं,” तो म्हणाला. “माझ्या बाबांच्या. गोदूचं नाव मी घेतलं, ते खोटं होतं.”

हिरामणशेठ आधी डोळे वटारून आले. पण भोवतालचे रिकामे हंडे बघून त्यांचा आवाज खाली गेला. “विहीर आटली, म्हणून चार दिवसांपुरती जोडली होती. बंद करायची राहून जायची,” ते पुटपुटले. मग रंगूबाईला म्हणाले, “बाई, चूक झाली. खोली तुमचीच.”

“शाबास रे पोरांनो, चोर पकडलात!” चाळीतल्या पुतळाबाईंनी केसरीनाथच्या पाठीवर थाप मारली. काल हंडा ओढणारा हात तोच. सगळे वाहवा करत होते, आणि केसरीनाथला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

संध्याकाळी तो भरलेला हंडा घेऊन गोदूच्या दारात गेला.

“ऱ्हाऊ दे. माजा मी भरंन,” ती म्हणाली. “सोताच्या बापाचं नाव घेतलंस, ते पायलंय मी. आईचा हंडा वतला, ते बी पायलंय.”

“लोकसभा बरखास्त केलीय. उद्या निवडणूक. तुला मत आहे, सगळ्यांसारखंच. मी उभा राहणार नाही.”

“पळू नको. उभा ऱ्हा.”

राज्यसभा तशीच राहिली. ती कधी बरखास्त होत नाही, हे कमळाने सगळ्यांना बजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मतांचे डबे गोणपाटाच्या पडद्याआड ठेवले होते. केसरीनाथ उभा राहिला, पण आपली कांडी त्याने विठूच्या डब्यात टाकली. गोदू आत गेली आणि लगेच बाहेर आली.

मोजणीत विठूचा डबा काठोकाठ भरला होता. केसरीनाथच्या डब्यात एकच कांडी निघाली.

“माझी नाही हं,” कमळा म्हणाली. “माझं मत विठूला.”

मतदान गुप्त होतं, विचारायची सोय नव्हती. केसरीनाथने गोदूकडे पाहिलं. ती दाराबाहेर बघत होती. त्याने ती कांडी उचलून खिशात ठेवली. मान मात्र त्याला वर करता आली नाही.