आमच्या गावात ऐकणारे आहेत

"नागपूरही नाही?" मोबाईलकडे बघत मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

दिग्रस-यवतमाळ एसटीत शेजारी उभा असलेला मुलगा हसला. "नाही न. मुंबई, पुणे, नाशिक... मग पुन्हा पुणे."

'भरकट' बँडचा दौरा जाहीर झाला होता. त्यांची सगळी गाणी मला पाठ. दरवर्षी मी त्यांना 'इकडे कधी येता?' असं लिहायचे. यंदा मॅनेजरचं उत्तर आलं – 'तिकडे ऐकणारे नाहीत.'

मी ते त्या मुलाला दाखवलं. "आपण काय बहिरे आहो?"

"बिलकूल नाही," तो म्हणाला. "मी कपिल. लग्नात साऊंड लावतो. तुम्ही गाता काय?"

"घरात. दार लावून."

"मग दार उघडा न... त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम आपणच करू दिग्रसला. साऊंड माझा."

त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मी हो म्हणून बसले.

कापसाचा हंगाम संपल्याने गावातल्या जिनिंग कारखान्याचं आवार रिकामं होतं. मालक सदाशिवरावांनी माझ्याकडून एक गाणं म्हणून घेतलं आणि होकार दिला. रोज संध्याकाळी तालीम. सरकीचा वास, हवेत तरंगणारा कापूस, आणि माईक माझ्या उंचीला आणताना कपिलची उगाच रेंगाळणारी बोटं.

"झालं काय, कपिल?"

"अजून थोडंसं... सुरभी."

कार्यक्रमाला बाभुळगाव, पुसदहूनही पोरंपोरी आली. दुसऱ्याच गाण्यात माझा आवाज फाटला. मी थांबले – तर अख्ख्या आवाराने पुढची ओळ उचलली. मागे कपिल डोळे पुसत होता.

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. लोकांनी पुन्हा कार्यक्रम करा म्हटलं. दुसऱ्या कार्यक्रमाच्या दिवशी, लोक येऊन बसत असतानाच, बँडच्या मॅनेजरचा फोन आला.

"सुरभी, पुण्याला या ना. स्टेजवर आमच्यासोबत एक गाणं गा."

मी फोनवर हात ठेवून कपिलला ते सांगितलं. हेच तर स्वप्न होतं.

"जाय तू," कपिल हळूच म्हणाला. "मी सांभाळतो इथलं." पण त्याचा चेहरा उतरला होता.

समोर माणसं दाटीवाटीने बसली होती. मी फोनवर म्हटलं, "तुम्हीच दिग्रसला या. ऐकणारे आहेत इथं. नाही आलात, तर आम्ही आमची गाणी लिहू."

फोन ठेवला. कपिल बघतच राहिला.

"माझ्यासाठी नाही म्हटलं काय?"

"नाही. गावासाठी."

"बरं..." तो वायरशी चाळा करत राहिला.

"तुह्यासाठी वेगळं सांगते म्हणलं..." मी माईकजवळ सरकले. "तू मले आवडतो, कपिल."

आवार एकदम शांत झालं.

"सुरभी," तो कुजबुजला, "माईक चालू आहे."

"मले माहीत आहे," मी म्हणाले.