गाडी पसंत पडेपर्यंत

पनवेलच्या बाजारात, लोखंडी सामानाच्या दुकानासमोर, भर दुपारी विनितानं एका अनोळखी तरुणाला ढकलगाडीत बसायला सांगितलं... आणि तो बसला. पुढचं सगळं त्या एका आज्ञाधारकपणामुळं झालं.

तशी ती गेली होती गाडी घ्यायला. पळस्प्याजवळ हायवेला लागून तिच्या वडिलांची नर्सरी होती. वडिलांचे गुडघे धरल्यापासून ती एकटीच सांभाळत होती, आणि छान सांभाळत होती. पण माती, खत, कुंड्या, सगळं बायकांच्या डोक्यावरच्या घमेल्यांतून इकडून तिकडे जायचं. तिच्याकडे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या आपटा गावच्या ठमाबाईची मान आखडली, तेव्हा विनितानं ठरवलं की आता गाडी घ्यायचीच.

दुकानदार कृष्णकांतशेठ एकचाकी ढकलगाडीचं कौतुक करता थकत नव्हते. विनिता म्हणाली, रिकामी गाडी काय कुणाचीही चालते, भरलेली चालवून बघते. भरायला जवळपास काही नव्हतं. होता तो बेअरिंगसाठी थांबलेला एक सावळा, भक्कम बांध्याचा तरुण.

"तुम्ही जरा बसता का हिच्यात?"

त्यानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. मग हनुवटीला गुडघे टेकवून तो निमूटपणे गाडीत बसला. विनितानं पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि गाडी ढकलली. केळेवाल्याच्या कोपऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. वळणावर एक खड्डा आला, चाक तिरकं झालं, आणि गाडीतला ऐवज थेट केळ्यांच्या पाटीशेजारी जाऊन पडला.

ती आधी चाकाकडे वाकली, मग त्याच्याकडे.

"गाडी नापास," ती म्हणाली.

"गाडीचं झालं..." तो पँट झटकत उठला. "मानसाचा निकाल?"

"माणसाची परीक्षा नव्हती."

"मंग घ्या ना."

विनितानं ओठ दाबून हसू अडवलं, पण डोळ्यांतलं कुठं अडवणार?

त्याचं नाव कुंदन. करंजा बंदरावरच्या कोळ्यांच्या घरातला. बाप-भाऊ समुद्रावर जायचे, आणि हा बंदरावर मासळीचे क्रेट वाहायच्या गाड्या बनवायचा. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, त्यामुळं हाताला काम नव्हतं. नारळी पौर्णिमेला बोटी पुन्हा निघेपर्यंत तो मोकळाच होता. मी बनवून आणतो, पसंत पडली तरच ठेवा, असं म्हणून त्यानं नर्सरीचा पत्ता घेतला.

आता पसंत-नापसंतीचा विषय विनिताच्या घरात जरा नाजूकच होता. विमानतळ येणार म्हणून पनवेलभर जमिनींना सोन्याचा भाव आलेला. तिला बघायला येणारे पोहे खायचे आणि मग हळूच मागच्या कुंपणापर्यंत चक्कर मारून यायचे. "जागा नाल्यापर्यंत तुमचीच का?" एकानंही कधी विचारलं नाही, की हे अनंताचं झाड इतकं का फुललंय. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की जमिनीवर डोळा ठेवून येणाऱ्याशी लग्न करायचं नाही. मग जन्मभर एकटं राहावं लागलं तरी चालेल.

आषाढातल्या एका उघडिपीला कुंदनचा टेम्पो आला. गाडी दोनचाकी, निळीशार, आणि इतकी हलकी की भरल्यावरही सहज ढकलावी. विनितानं चाळलेली माती आणि शेणखत शिगोशीग भरलं आणि ठमाबाईला मागच्या शेडकडे पाठवलं. ठमाबाई ऐटीत निघाली. पोचली तेव्हा गाडी अर्धी रिकामी होती, आणि गेटपासून शेडपर्यंत मातीची बारीक रांगोळी पडलेली.

"बाय, ही गाडी पेरनी करते का काय?" ठमाबाईनं विचारलं.

कुंदननं खाली वाकून पाहिलं. वर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. मासळीवरच्या बर्फाचं पाणी निघून जावं म्हणून बंदरावरच्या गाडीच्या तळाला भोकं पाडावीच लागतात. इथंही हातानं सवयीनं पाडली. विनिता डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की हा माणूस आपल्याला आवडलाय. चांगलाच आवडलाय.

मग काय... गाडी परत गेली, भोकं बुजवून आली. तेव्हा कळलं की ती मोठ्या वाटेवर चालते, कुंड्यांच्या रांगांत शिरत नाही. रांगांसाठी एकचाकी हवी. त्यानं एकचाकी आणली, ती भरली की हातांवर भार यायचा. त्यानं चाक मागं घेतलं, म्हणजे ओझं चाकावर आणि हात मोकळे. तिनं सांगितलं की टब खोल आहे, फावड्यानं माती काढताना कंबर मोडते. त्यानं टब उथळ केला. खरं सांगायचं तर त्यानंतरच्या खोड्या विनिता मुद्दाम शोधून काढत होती.

"गाडीच्या मुठी जाड आहेत," ती एकदा म्हणाली.

"हात बघू."

त्यानं खिशातून सुतळी काढली, तिच्या मिटलेल्या मुठीभोवती गुंडाळली, गाठ मारून माप घेतलं. भुरभुर पाऊस होता. माप केव्हाच झालं होतं... सुतळी मात्र सुटायला फार वेळ लागला. पलीकडे रोपं निवडणारी ठमाबाई कुणालाही न उद्देशून म्हणाली, की गाडी एक आन् फेऱ्या किती.

नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर आली. कुंदन शेवटची गाडी घेऊन आला. विनितानं ती भरून चालवली, वळवली, ओतली. एकही खोड सापडेना. तिला पहिल्यांदाच चांगल्या गाडीचा राग आला. आता बोटी निघणार, बंदरावर उसंत नसणार, आणि हा इकडे कशाला येईल?

ती चहा करायला गेली. कप घेऊन बाहेर आली, तर कुंदन मागच्या कुंपणाशी टेप धरून वाकला होता. मोजत होता.

म्हणजे हाही त्यातलाच. पण मुळूमुळू रडणं तिच्या स्वभावात नव्हतं. कप कट्ट्यावर ठेवून ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"किती भरली जागा? भावही काढून ठेवला असेल."

"जागा?" तो गोंधळून उभा राहिला. टेप त्याच्या हातात लोंबत होती. "मी वाट मोजतोय. या दोन रांगांमधली."

"कशाला? गाडी जाते की."

"गाडी जाते..." तो थांबला. बंदरावर आरडाओरडा करून काम करणारा माणूस, पण शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "गाडीबरोबर दुसरं मानूस चालेल एवढी वाट नाय. तुमी म्होरं, मी मागं. इतके दिवस तसाच चालतोय. मला शेजारून चालायचंय."

विनितानं आवाज घट्ट ठेवला.

"ही नर्सरी विकायची नाही. आणि ती सोडून मी करंजाला राहायला यायची नाही. आधीच सांगते."

"मी कुठं बोलवतोय? बंदराचं काम करीन आन् सांजच्याला हितं येईन. टेम्पो हाय ना." मग त्यानं जरा चाचरत सांगितलं, "आई विचारीत होती, पोरीला म्हावरं करता येतं का."

"तुझ्या आईपेक्षा चांगली मासळी करते मी. पण हे तिला सांगू नकोस."

कुंदन हसला नाही. 'तुझ्या' हा शब्द त्यानं ऐकला होता, आणि तो तसाच उभा राहिला, चेहरा उजळलेला.

विनिता खाली बसली आणि तिनं क्रोटनची पहिली कुंडी उचलली. "बघतोस काय? त्या बाजूच्या तू सरकव."

अख्खी रांग आपण कालच लावल्याचं ठमाबाईनं लांबून ऐकवलं. मग ती पुटपुटत चहाचे थंड झालेले कप घेऊन आत गेली. ऊन उतरेपर्यंत दोघं कुंड्या सरकवत होते, मातीनं माखत होते, मधेच एकमेकांकडे बघून उगाचच हसत होते. रांग संपली तेव्हा विनितानं गाडी धरली, कुंदन शेजारी आला. गाडी निघाली. चालताना त्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता.

"अजून जरा अडचनच होते," तो म्हणाला. "आनखी सरकवू का?"

"नको," विनिता म्हणाली. "एवढीच राहू दे."