उघड्या बोटांचे हातमोजे

मांजर दारातून आत आली आणि गुलाबी स्वेटरवरून चालत गेली.

स्वेटर पेठेतल्याच कुणाच्या तरी पहिल्या बाळाचा होता. शेवटची बाही जोडायची म्हणून वृषालीने तो चटईवर पसरून ठेवला होता. त्यावर आता चार काळी फुलं उमटली होती, आणि मांजर चुलीजवळ डोळे मिटून बसली होती, जणू तिचा या घराशी संबंध फक्त दुधापुरता.

"साय... काय करून आलीस गं?"

"कुटं तरी तुडवून आली आसंल," आत्या म्हणाली. आत्याचं, म्हणजे साळुबाईचं, मांजरांविषयी मत काही चांगलं नव्हतं, तरी दुधावरची साय ती रोज बशीत काढून ठेवायची. त्यावरूनच मांजरीला नाव पडलं होतं.

वृषाली घोडेगावकडची. कॉलेजसाठी जुन्नरला आत्याकडे आली, कॉलेज संपलं, आणि लोकांच्या बाळांचे स्वेटर विणता विणता राहूनच गेली. शहाण्णव सालचा डिसेंबर होता. लेण्याद्रीच्या बाजूने येणारा वारा सकाळी नळाला हात लावू देत नव्हता. तिने शाल ओढली, मांजर काखेत घेतली आणि ठशांच्या मागावर निघाली. मांजर आली त्याच्या उलट ती चालली होती, म्हणून ठसे फिकट होण्याऐवजी गडद होत गेले. जिना, ओटा, बोळ, गटारावरची फरशी... आणि शेवटी छापखान्याचं मागचं दार.

आत एक तरुण उभा होता. समोर तिरपी लाकडी पेटी, पेटीत लहान लहान घरं, घराघरात शिशाची अक्षरं. डाव्या हातात अर्धी जुळवलेली ओळ धरून तो उजव्या हाताच्या बोटांवर फुंकर घालत होता. मागे म्याव झालं.

"या मॅनेजरीणबाई," तो न वळताच म्हणाला. "आज उशीर?"

मग तो वळला, आणि ती अर्धी ओळ जमिनीवर सांडली.

"हिचं नाव साय आहे," वृषाली म्हणाली.

"असंल... पण इथं ती कामाला आहे. उंदीर कागद कुरतडायचे. ही स्वतःच आली, गठ्ठ्यावर बसली, दुसऱ्या दिवसापासून उंदीर बंद."

"तुमच्या मॅनेजरीणबाईंनी माझा स्वेटर खराब केला. तुमच्या शाईनं."

तो एकदम ओशाळला. "रॉकेल देऊ? निघंल."

"मांजरीला रॉकेल?"

"स्वेटरला. मांजरीला गोडं तेल लावा, ती पंजा चाटती ना..."

हे त्याच्या लक्षात आलं, हे वृषालीला आवडलं. ती खाली बसून सांडलेली अक्षरं गोळा करू लागली. अक्षरं बर्फासारखी गार होती.

"हातमोजे का नाही घालत?"

"घातले होते. आळेफाट्यावरनं आणले. पण मग खाच कळत नाही." त्याने एका अक्षराचा शिशाचा खिळा तिच्या तळहातावर ठेवला. "ह्या अंगाला बोट फिरवा... कळली? खाच कळली की अक्षर सरळ आहे की उलटं, न बघता समजतं. लोकरीतनं नाही समजत."

"मग बोटं उघडी ठेवायची. फक्त तळवा आणि मनगट झाकायचं."

"असे मिळतात?"

"मिळत नाहीत," वृषाली म्हणाली, आणि मांजर घेऊन निघाली. दारापाशी थांबली. "विणावे लागतात."

प्रेम नेमकं इथेच सुरू झालं, असं खात्रीने सांगता येणार नाही. कदाचित नंतर सुरू झालं असेल, लोकरीपासून.

लोकर त्यानेच आणली. त्याचं नाव गोरख. त्याचे वडील जानकू अजून मेंढरं राखत होते, आणि आई गजराबाई घरीच लोकर कातायची. काळी, जाडसर, हाताला टोचणारी, मेंढराचा वास असलेली. बाजारातल्या गुळगुळीत लोकरीची सवय असलेल्या वृषालीने ती नाकाला लावून पाहिली. सायीला मात्र तो वास इतका पटला की ती तिन्ही गुंडे पोटाखाली घेऊन झोपली.

"टोचंल का?" गोरखने विचारलं.

"पहिल्यांदा टोचेल. मग सवय होईल."

"कुणाला? मला का लोकरीला?"

ती हसली. मग मापाचा प्रश्न आला. दोऱ्याने मोजायचं तर हात हातात घ्यावा लागणार. दोघंही थोडा वेळ दोऱ्याकडे बघत राहिले. शेवटी गोरखने छपाईच्या रुळावरची शाई तळहाताला लावली आणि एका कोऱ्या कागदावर पंजा दाबला. पाच बोटं, तळहाताच्या रेषा, मधल्या बोटावरची भेगसुद्धा उमटली. वृषालीने तो कागद वाळेपर्यंत दोन टोकांना धरला आणि तसाच धरून घरापर्यंत आली.

हे हातमोजे विणायला अवघड नसतात. दोन सुया, चाळीस टाके, दोन सुलट दोन उलट. वीतभर पट्टी झाली की ती दुमडायची आणि कडा शिवून टाकायची, फक्त अंगठ्याला जागा सोडायची. त्याला डावा-उजवा नसतो, कोणताही कोणत्याही हातात चालतो. जोडी दोन दिवसांत झाली असती. वृषालीने पहिलाच तीनदा उसवला.

"हातमोजा इनतीस का घोंगडी?" आत्याने विचारलं.

"साय टाके ओढते, आत्या."

साय त्या वेळी खिडकीत चिमण्या मोजत होती. आत्याने मांजरीकडे पाहिलं, सुयांखाली ठेवलेल्या कागदावरच्या पंजाकडे पाहिलं, आणि भाकरी थापायला गेली.

आता सायीला रोज आणायला जावं लागायचं. एरवी ती जेवणाच्या वेळेला आपली आपण यायची, पण त्या दिवसांत तिला रस्ता सापडेनासा झाला होता, असं वृषालीचं म्हणणं.

"झाला का हातमोजा?"

"घाई आहे?"

"नाही. हळू झाला तरी चालंल... थंडी आहे अजून."

"आणि थंडी संपली तर?"

गोरखने एक खिळा उचलला, फिरवला, परत घरात टाकला. "मालक म्हणतात, नारायणगावला कॉम्प्युटर आला. टाइप केलं की पान तयार. पुढच्या थंडीत मी इथं असंन की मेंढरांमागं, माझं मलाच माहीत नाही. असल्या माणसानं कुणाला काय विचारावं..."

"कुणाला काय विचारायचं होतं?"

"काही नाही," तो म्हणाला. "सायीला न्या. ती झोपली आहे शाईच्या डब्यापाशी."

त्याच आठवड्यात वृषालीचे वडील, गेणभाऊ, मंचरच्या पाहुण्यांना घेऊन आले. मुलगा कांदा-बटाट्याच्या आडतीवर होता. पोहे झाले, चहा झाला. पाहुणे खाली उतरल्यावर गेणभाऊंनी विचारलं, "पसंत हाय ना?" वृषालीच्या मांडीवर साय होती. तिने मान खाली घातली, मांजरीला उचलून बाजूला ठेवलं, आणि पुन्हा वर बघेपर्यंत गेणभाऊ हसत जिना उतरले होते.

पौष संपला की सुपारी फोडायची ठरली. पण लग्नसराईत छापखान्यात नंबर लागत नाही, म्हणून गेणभाऊंनी पत्रिकेचा मजकूर आधीच देऊन ठेवला. जवळचा छापखाना एकच होता.

दुसऱ्या दिवशी वृषाली गेली तेव्हा तो मजकूर गोरखच्या पेटीवर टाचणीने लावलेला होता. तिने शालीतून हातमोज्यांची जोडी काढली.

"झाले," ती म्हणाली.

त्याने घातले. बोटं मोकळी, मनगट उबदार. अंगठ्याची जागा नेमकी जमली होती.

"टोचतात?"

"लई," तो म्हणाला, आणि मजकुराच्या कागदाकडे वळला.

ती थोडा वेळ उभी राहिली. तो काही विचारेल, असं तिला वाटत होतं. ती काही सांगेल, असं त्याला वाटत होतं. मग ती रिकाम्या हाताने घरी गेली. मांजर मागेच राहिली होती, हे बोळात तिच्या लक्षात आलं, तरी ती परत वळली नाही.

त्या छापखान्याचा एक जुना नियम होता. पत्रिकेचं प्रूफ घरच्या माणसाने वाचायचं आणि खाली सही करायची, त्याशिवाय छपाई नाही. सही झाली की पुढची चूक गिऱ्हाइकाची. शनिवारी गेणभाऊ चष्मा लावून प्रूफ वाचायला बसले. मालक शेजारी पेन घेऊन उभे. वृषाली मागच्या दारात. ती मांजर न्यायला आली होती, आणि मांजर गठ्ठ्यावर बसून सगळ्यांकडे बघत होती.

गेणभाऊ ओळीखाली बोट ठेवून वाचत होते. "आमची ज्येष्ठ कन्या... वृषाली... बराबर. हिचा शुभविवाह..." बोट थांबलं. पुढे एक ओळभर कागद कोरा होता. त्याखाली पुन्हा मजकूर सुरू. "नवरदेव कुटंय?"

मालकांनी डोकावून पाहिलं. "गोरख, अरे ओळ राहिली तुझी. सात वर्षांत पहिल्यांदा."

"राहिली नाही," गोरख म्हणाला.

"मग?"

"जुळवली... चार वेळा. परत सोडवली. हात..." त्याने हातांकडे पाहिलं. हात गारठले, असं म्हणायची सोय आता उरली नव्हती, हातात मोजे होते. "मला ती ओळ जुळवता येत नाही, गेणभाऊ. दुसऱ्या कुणाला सांगा."

वृषालीने ती कोरी ओळ दारातूनच पाहिली. एवढा मोठा पत्रिकेचा कागद, आणि त्याने बोलायचं होतं ते न बोलता त्यात मांडून ठेवलं होतं. आता हा माणूस इथून हाकलला जाईल, आणि ती सही होईल... आपण मांजर उचलून घरी जाऊ.

"तात्या," ती वडिलांना म्हणाली, "मीच सांगितलं ती ओळ रिकामी ठेवायला."

गोरखने मान वर केली. गेणभाऊंनी चष्मा काढला.

"तू? कधी?"

खोटं तिला एका वाक्याच्या पुढे नेता आलं नाही. "सांगायला पाहिजे होतं. त्याला नाही... तुम्हाला. पसंत आहे का म्हणून विचारलंत, त्याच दिवशी."

"त्या दिवशी तर मान हालवलीस की."

"मी सायीला खाली ठेवत होते."

गेणभाऊंनी गठ्ठ्यावरच्या मांजरीकडे पाहिलं, मग गोरखच्या हातांकडे. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्यातल्या मफलरकडे गेला. दोन सुलट, दोन उलट, आणि कडेला तीच उंच गाठ. वृषालीची वीण पाहिली की त्यांना ती कुठेही ओळखू यायची.

"लोकर कुणाची?" त्यांनी विचारलं.

"आमच्या मेंढरांची," गोरख म्हणाला. "आईनं कातलेली."

"बाप कोण तुजा?"

"जानकू. आळ्याकडचे."

"आमच्या वावरात मेंढरं बसवतो, तो जानकू?" गेणभाऊंनी चष्मा पुन्हा लावून त्याच्याकडे पाहिलं. "पंधरा वर्सं झाली. मेंढरं बसली की त्या वर्सी रानाला दुसरं खत लागत न्हाई. चांगला माणूस. पर बोलत न्हाई लई."

"नाही बोलत."

"तूबी त्याच्याच वळणावर गेलास." त्यांनी प्रूफाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "सही आज करत न्हाई. मंचरला मी जातो, सुपारी फुटली नव्हती तेवढं बरं. शिव्या खाव्या लागतील. आन तुमी दोघं... एवढ्यात हरखू नका. आपल्यात आसं झालं न्हाई कधी. घरात लई बोलणं व्हईल."

बोलणं झालं, आणि अकरा महिने चाललं. आत्याने पंजाचा तो कागद वृषालीच्या उशाखालून काढून भावापुढे ठेवला आणि एवढंच म्हणाली, "पोरगी ह्या हाताचं माप उशाला घिऊन निजती. म्या काय सांगू आता?" गोरख त्या काळात रोज एसटीने नारायणगावला जाऊन कॉम्प्युटर शिकला. थंडीत तिथली बटणंसुद्धा गार असत, आणि बोटं उघडी लागत.

तुळशीच्या लग्नानंतर त्या छापखान्यात खिळ्यांनी जुळवलेली शेवटची पत्रिका निघाली. मालकांनी नियम मोडला नाही. प्रूफ वाचायला वृषाली बसली, बोट ओळीखाली ठेवून. या वेळी ती ओळ कोरी नव्हती. तिथे चि. गोरख होता, जरा जास्तच ठळक.

ती खालपर्यंत वाचत गेली. सगळ्यात शेवटी, जिथे घरातल्या चिमुरड्यांची नावं घालतात, तिथे लिहिलं होतं: आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं. त्याखाली एकच नाव. साय ऊर्फ मॅनेजरीणबाई.

"ही चूक आहे," वृषाली म्हणाली.

"कुठं?"

"ती दोन्हीकडची आहे. आमच्या ताईच्या आणि दादाच्या, असं पाहिजे."

गोरखने पेटीकडे हात नेला आणि न बघता अक्षरं उचलू लागला. ओळ बसेपर्यंत ती पेन हातात धरून थांबली. मग सही केली.