शेत क्रमांक सदतीस

सोमवारी सकाळी हेमांगीने कुकर लावायला नळ सोडला आणि नळाच्या तोंडाशी बसवलेली नाण्याएवढी चकती लाल झाली. लाल म्हणजे पाण्यात नायट्रेट लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या वर, पिण्यालायक मर्यादेपलीकडे. चकतीखालच्या बारीक पट्टीवर अक्षरं सरकत गेली: शेत क्रमांक ३७, एकसष्ट टक्के.

तिने नळ बंद केला आणि ओट्याखालचा विकतच्या पाण्याचा कॅन ओढला.

"परत सदतीस?" डबा भरता भरता शिरीषने विचारलं.

"परत."

"म्हणजे तिसरा आठवडा झाला."

आयोवा राज्यातल्या या दोन हजार वस्तीच्या गावात सदतीस क्रमांकाचं शेत कुणाचं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. अर्लिन फॉसचं. ऐंशी एकर, नदीला लागून, आजोबांपासूनचं.

चकतीचं कागदोपत्री नाव उगमदर्शक. गावात तिला चुगलीबटण म्हणत. कोपऱ्यावरच्या कॅफेत तर मालकिणीने तिच्यावर चिकटपट्टीच लावली होती, म्हणजे गिऱ्हाइकांना कॉफी पिताना एकमेकांकडे पाहता यावं. ही चकती हेमांगीने जिल्ह्याच्या पाणी-प्रयोगशाळेत सहा वर्षं खपून तयार केली होती. इथली मका-सोयाबीनची शेतं वरून साधी दिसतात, पण चार फुटांखाली निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं असतं. पिकाने न घेतलेलं खत पावसाबरोबर त्या नळ्यांतून ओढ्याला, ओढ्यातून नदीला आणि नदीतून गावाच्या नळाला येतं. येतं हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाकडून येतं हे मात्र कुणी विचारत नसे. शेजाऱ्याबद्दल असं विचारणं इथे बरं दिसत नाही. पण प्रत्येक शेताच्या मातीत जिवाणूंचं मिश्रण थोडं वेगळं असतं आणि पाण्याबरोबर त्यांच्या डीएनएचे तुकडेही वाहत येतात. हेमांगीने नदीकाठच्या दोनशे बारा शेतांचे असे ठसे गोळा केले. चकती पाण्यातले तुकडे त्या ठशांशी जुळवून पाहते आणि कुठल्या शेताचा वाटा किती टक्के ते दाखवते, बाकी काही करत नाही.

मग जिल्ह्याने नियम केला. एका वसंतात लागोपाठ तीन आठवडे ज्या शेताचं नाव लाल रंगात सर्वांत वर येईल, ते शेत पाच वर्षं गवताखाली ठेवायचं. अर्लिन चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, सप्टेंबरात त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. पाच वर्षांनंतर तो त्या शेतात पेरणी करेल, असं कुणालाच वाटत नव्हतं. सुनावणी गुरुवारी सकाळी नऊला होती.

"तो माणूस असा नाही गं," शिरीष म्हणाला. "एवढा काटेकोर. खत टाकताना ट्रॅक्टर थांबवून मोजणारा."

"चकती माणूस बघत नाही. माती बघते."

हे वाक्य तिने शाळेतल्या मुलांसमोर, गावसभेत, रेडिओवर अनेकदा म्हटलं होतं. आज ते म्हणून झाल्यावर तिने डब्याचं झाकण विनाकारण दोनदा घट्ट केलं.

सुनावणीसाठी सविस्तर अहवाल द्यावा लागे. चकती शेत सांगते, खत कुठलं ते सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रात घालावा लागतो. नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे असतात, एक थोडा हलका, एक थोडा जड. कारखान्यातल्या अमोनियापासून आलेल्या नायट्रेटमध्ये जड अणूंचं प्रमाण हवेतल्याइतकंच असतं. जनावरांच्या खतापासून आलेल्यात ते जास्त असतं, कारण हलका अंश साठवणीतच उडून जातो. मंगळवारी दुपारी यंत्राने आकडा दिला. हेमांगीने तो पाहिला, नमुना पुन्हा घातला, पुन्हा पाहिला.

सदतीसच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं नायट्रेट जनावरांच्या खताचं होतं. अर्लिनने डुकरं विकून अकरा वर्षं झाली होती.

ती खुर्चीत मागे टेकली. हा आकडा कुठून आला, हे तिला शोधावं लागलं नाही. ती तिथे हजर होती.

गेल्या ऑक्टोबरातला तो शनिवार. शेजारी आजारी असला की बाकीचे आपापली यंत्रं घेऊन त्याचं पीक काढून देतात, ही इथली जुनी रीत. अर्लिन दवाखान्यातून नुकताच घरी आला होता. सकाळी सातला चार कापणीयंत्रं एकापाठोपाठ त्याच्या सोयाबीनमध्ये शिरली. दुपारी एकपर्यंत शेत मोकळं. बायकांनी गॅरेजमध्ये लांब टेबलं मांडून जेवण ठेवलं होतं; हेमांगीने मोठा ट्रे भरून मसालेभात नेला होता आणि तो सगळ्यांत आधी संपला, याचा तिला आठवडाभर आनंद होता.

कापणीवर कुणी थांबलं नाही. पुढच्या वर्षीच्या मक्याला खतही आत्ताच देऊन टाकू, म्हणजे वसंतात म्हाताऱ्याला त्रास नको. पलीकडच्या लव्हर्नने आपल्या डुकरांच्या शेडखालच्या हौदातलं पातळ खत टँकर भरभरून आणलं आणि जमिनीत सोडलं. त्याच्या पाठोपाठ दुसरा शेजारी डुएन टफ्ट अमोनियाची पांढरी टाकी घेऊन आला. लव्हर्नच्या टँकरचे ओले पट्टे त्याला दिसत होतेच. पण लव्हर्नने आणलंय म्हणून आपण टाकी तशीच परत न्यायची? आणि लव्हर्नने तरी त्याला नको कसं म्हणायचं? दोघांनी एकमेकांना हात केला आणि कामाला लागले. भाताचा रिकामा ट्रे हातात धरून हेमांगी गॅरेजच्या दारात उभी होती. ऐंशी एकरांना दुप्पट खत जातंय हे तिने मनातल्या मनात मोजलं होतं. मोजलं आणि ट्रे गाडीत ठेवायला गेली.

पण एवढंच नव्हतं. तिने फोन काढून जुने संदेश वर सरकवले. त्या शनिवारच्या आधीचा बुधवार. डुएनचा संदेश, तिच्या पीएचडीमुळे तिला 'डॉक' म्हणत लिहिलेला: "डॉक, शनिवारी अर्लिनकडे अमोनिया द्यायचा विचार आहे. माती पुरेशी थंड झालीय का? तुमच्याकडे आकडे असतात."

नियम सोपा होता. माती दहा अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याशिवाय अमोनिया द्यायचा नाही. उबदार मातीत जिवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात आणि नायट्रेट मातीला धरून राहत नाही, वाहून जातं. त्या बुधवारी तिच्या समोरच्या पडद्यावर आकडा होता चौदा.

तिने उत्तर लिहिलं होतं: "थंडी येतेय. चालून जाईल."

या गावात तिला अकरा वर्षं झाली होती. लोक चांगलेच होते. रस्त्यात दिसली की दोन बोटं वर करत, बर्फात गाडी अडकली की ढकलून देत. पण कामासाठी आपणहून तिला कुणी काही विचारलं, ती पहिलीच वेळ. माणसं जमवून झाली होती, यंत्रं ठरली होती, आणि एका आकड्यासाठी तिने सगळ्यांना थांबवायचं? तिला भीड पडली होती. बाकी काही कारण नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी ती फॉसांच्या घरी गेली. अर्लिनची बायको मार्डेल हिने दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे आधी केक पुढे केला. अर्लिन स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता. सिंकवरची चकती लाल होती, तिच्यावर चिकटपट्टी नव्हती.

"बसा," तो म्हणाला. "तुमचं बटण चांगलं चालतंय."

"अर्लिन, त्या नायट्रेटमध्ये डुकरांचं खत आहे."

"हं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"डॉक्टरांनी मला याच खुर्चीत बसवून ठेवलं होतं," तो खिडकीकडे हनुवटी करून म्हणाला. "लव्हर्न येताना दिसला. नंतर डुएन दिसला. मी मार्डेलला म्हटलं, पुढच्या वर्षी मका घराच्या छपरापर्यंत जाणार."

"हसले होते हे," मार्डेल म्हणाली. "छातीवरच्या टाक्यांवर उशी दाबून धरून हसले. हसायला बंदी होती ना."

"मग सुनावणीत हे का नाही सांगत?"

अर्लिनने कॉफीचा कप गोल फिरवला. "काय सांगू? अठरा माणसं आपलं पीक उभं ठेवून माझं काढायला आली. त्यांच्यावर बोट दाखवू?"

फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता. मार्डेलच्या गोल अक्षरात अठरा नावं, खाली 'जेवण' असं लिहून आणखी सात. आभाराचं पत्र पाठवलं की त्या नावापुढे तिने खूण केली होती. सगळ्या नावांपुढे खुणा होत्या. शेवटचं नाव हेमांगीचं. ते पत्र तिच्या घरी फ्रिजवर अजून लावलेलं होतं.

"शेत जाईल तुमचं," ती हळू म्हणाली.

"गवत काही वाईट नसतं," अर्लिन म्हणाला. पण हे बोलताना तो खिडकीबाहेर पाहत नव्हता.

तिला डुएनच्या संदेशाबद्दल सांगायचं होतं. त्यासाठीच ती आली होती. केकचा तुकडा संपला, मार्डेलने दुसरा वाढला, आणि ती तोही खाऊन घरी आली.

"काय म्हणाले?" शिरीषने विचारलं.

"मी बोललेच नाही. केक खाल्ला." मग तिने त्याच्यासमोर फोन धरला. त्याने संदेश वाचला, चष्मा काढला.

"तुझं उत्तर अहवालात यायची गरज नाही," तो म्हणाला. "कुणी विचारणार नाही."

"हो. कुणीच नाही विचारणार."

गुरुवारी जिल्हा कचेरीच्या सभागृहात चाळीसेक माणसं होती. बियाणांच्या कंपन्यांच्या टोप्या गुडघ्यांवर ठेवलेल्या. डुएन तिसऱ्या रांगेत, लव्हर्न भिंतीला टेकून. अर्लिनने लग्नातला वाटावा असा कोट घातला होता. अध्यक्षांनी शेताचा क्रमांक वाचला, नाव वाचलं आणि हेमांगीला अहवाल मांडायला सांगितलं.

तिने आकडे सांगितले. निम्मं जनावरांचं खत, निम्मं अमोनियाचं. मग तिने कागद खाली ठेवला.

"अमोनिया देण्याआधी मला विचारलं होतं, माती थंड आहे का म्हणून. माती चौदा अंशांवर होती. मला माहीत होतं. मी म्हटलं, चालून जाईल. त्या दिवशी मी शेतावर होते. दुप्पट खत जाताना मी पाहिलं आणि गप्प बसले. अर्लिन फॉस तेव्हा खुर्चीतून उठूही शकत नव्हते. या शेताचा ठसा माझ्या चकतीने बरोबर ओळखला. चूक कुणाची, ते तिला ओळखता येत नाही."

इतक्या वर्षांत या सभागृहात ती कधीच इतकं हळू बोलली नव्हती, आणि कधीच इतकं स्पष्ट ऐकूही गेलं नव्हतं. डुएन मान खाली घालून टोपीची कड मुडपत होता. लव्हर्नने भिंतीचा टेका सोडला.

अध्यक्ष बराच वेळ पेन्सिलशी चाळा करत राहिले. स्वतः अध्यक्षांचं कापणीयंत्रही त्या शनिवारी तिथे होतं. हे सगळ्यांना माहीत होतं.

"निर्णय महिनाभर पुढे ढकलू," ते शेवटी म्हणाले. "पण मग जबाबदारी ठरवावी लागेल. त्या दिवशी शेतावर कोण कोण होतं, याची यादी प्रयोगशाळेने सादर करावी."

बाहेर पार्किंगमध्ये माणसं नेहमीसारखी घोळक्यात उभी राहिली नाहीत. गाड्यांची दारं एकेक करून बंद होत गेली. डुएनची गाडी हेमांगीच्या जवळून गेली. स्टिअरिंगवरची दोन बोटं वर झाली नाहीत.

अर्लिन सावकाश चालत तिच्यापर्यंत आला. तिला वाटलं तो आभार मानेल, आणि तसं वाटल्याचीही तिला लाज वाटली.

"यादी मार्डेलच्या फ्रिजवर आहे," तो म्हणाला. "तुम्ही पाहिलीत."

"हो."

"तुम्ही खरं बोललात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." त्याने कोटाचं बटण काढलं, श्वास घेतला. "लव्हर्नच्या बायकोला कर्करोग निघालाय. मंगळवारी कळलं. तो शरद ऋतूत, ऐन कापणीच्या दिवसांत, सगळा वेळ तिच्याबरोबर दवाखान्यातच असणार. चारशे एकर आहे त्याची. तुम्ही हिशोबी बाई आहात, म्हणून विचारतो. त्याच्या शेतावर यंदा किती माणसं येतील?"