मिस्टर लिओंग यांचा हेडफोन

माझ्याकडे तीन हेडफोन आहेत. माझ्या बहिणीच्या मते त्यातले दोन जास्तीचे आहेत, आणि तिला समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. पहिला अर्ध्या किलोचा. आवाज भरदार, पण चाळीस मिनिटांत मान अवघडते. दुसरा हलका, वाट्या बाहेरून बंद असलेला. आमच्या सिंगापूरच्या दमट हवेत त्याच्या गाद्यांचं नकली चामडं दोन वर्षांत सोलपटून निघालं. कॉलरवर रोज काळा चुरा पडायचा. शिवाय त्यात प्रत्येक वाद्य कपाळाला चिकटून वाजल्यासारखं वाटतं. तिसरा मी मार्चमध्ये जुना घेतला. हे सगळं त्याच्याबद्दल आहे.

माझं नाव टे सून किआत. एका रुग्णालयात मी लोकांचे कान तपासतो. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, सूर सोडायचे, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. कोणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे गेली बावीस वर्षं मी कागदावर उतरवतोय. त्यामुळे जे घडलं ते तसंच सांगतो.

हेडफोन विकणाऱ्या बाई क्वीन्सटाउनमध्ये राहणाऱ्या, सत्तरीच्या. लिओंग सिऊ चेंग. त्यांनी तो टॉवेलमध्ये गुंडाळून दारातच माझ्या हातात दिला. "भावाचा आहे. तो आता ऐकत नाही," एवढंच म्हणाल्या.

बारा वर्षं वापरलेला, पण एक स्क्रू ढिला नव्हता. गाद्या मखमली. डोक्यावर घातला की पाच मिनिटांनी आपण काही घातलंय हेच विसरायला व्हावं. घरी येऊन आंघोळ केली आणि साडेसहाला वीस वर्षं ऐकत आलेलं चेलोचं ध्वनिमुद्रण लावलं. बंद खोलीच्या खिडक्या उघडाव्यात तसं झालं. वादकाचा श्वास, तारेवर घासणारा गज, सगळं आपापल्या जागी. संथ भाग संपला, शेवटचा सूर विरला, आणि कोणीतरी म्हणालं, "हं."

पुरुषाचा आवाज. खालचा, समाधानाचा.

उरलेल्या दोन हेडफोनांत तो नव्हता. हेडफोनच्या आतल्या पडद्यावर केस अडकला तरी आवाज येतात, म्हणून तिसरा उघडला. खरंच एक पांढरा केस सापडला. तो काढला. "हं" गेला नाही. दुसऱ्या मुद्रणांतही तो येत होता, आणि नेमका जिथे मलाही दाद द्यावीशी वाटे तिथेच. एकदा बहिणीनं पाठवलेलं एक भिकार गाणं लावलं, तर "च्" असं ऐकू आलं.

माझा मित्र रिदझुआन रोचोर भागात जुन्या यंत्रांचं दुकान चालवतो. त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं दहा मिनिटं घालून बघितला.

"लोकांचे कान तपासतोस, आधी स्वतःचे तपास," घालताना तो म्हणाला होता. काढल्यावर मात्र त्यानं सावकाश वायर गुंडाळून ठेवली.

"दोष नाही ना?" मी विचारलं.

"नाही. पडदे नव्यासारखे आहेत."

"मग 'हं'?"

"मला 'हं' नाही आलं, किआत. मी एक जुनं मलय विनोदी गाणं लावलं होतं." त्यानं हेडफोन माझ्याकडे सरकवला. "तो हसला."

रविवारी मी सिऊ चेंग आंटींकडे गेलो. त्यांचा भाऊ खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसला होता. लिओंग योक फाय, वय शहात्तर. चाळीस वर्षं शाळांमधले आणि चर्चमधले पियानो सुरात लावून दिलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. मी बरोबर नेलेल्या यंत्रानं तपासलं. माझं यंत्र जितका मोठा आवाज काढू शकतं तितका काढला. म्हाताऱ्याच्या पापण्याही हलल्या नाहीत.

"दोन वर्षं नुसता भिंतीसारखा बसून होता," आंटी म्हणाल्या. "आता रोज साडेसहाला खुर्ची ओढून बसतो आणि आठपर्यंत मान डोलावतो. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला."

"कधीपासून, आंटी?"

"तुम्ही येऊन गेलात त्या दिवसापासून."

साडेसहा ते आठ ही माझी ऐकायची वेळ.

मी एक साधी चाचणी ठरवली. पुढच्या शनिवारी रिदझुआननं माझ्या घरी बसून तो हेडफोन घालायचा. काय वाजवायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं, मला सांगायचं नाही, फक्त वेळा लिहून ठेवायच्या. मी घड्याळ घेऊन म्हाताऱ्याशेजारी बसलो. सहा चाळीसला त्याचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरू लागलं. सत्तेचाळीसला थांबलं. सात पाचला त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि जीभ टाळूला लावून "च्" केलं.

रिदझुआनच्या कागदावर होतं: सहा चाळीस, सुरू. सत्तेचाळीस, बंद. सात पाच, बेसूर पियानो, मुद्दाम.

"विकून टाक," तो म्हणाला. "आणि मला नको विकूस."

मी आंटींना तसं सांगायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. "मिस्टर टे, त्याला परत भिंत करू नका."

मी नाही विकला.

पुढचे दोन महिने चांगले गेले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं म्हातारा बोलत नसे, पाटीवर फर्माइशी लिहायचा आणि आंटी मला फोनवर वाचून दाखवायच्या. मी ते ते शोधून लावायचो. आपण एकट्यानं ऐकत नाही याची मला सवय झाली, खोटं कशाला सांगू, गोडीही लागली.

जूनमध्ये एका दुपारी मी कॅन्टीनमध्ये नूडल्सचा वाडगा घेऊन उभा असताना त्यांचा फोन आला.

"भाऊ विचारतो, त्या बाईंना जरा हळू गायला सांगाल का? आवाज छान आहे म्हणतो, पण चेलो झाकला जातो."

"कोण बाई?"

"तुमच्या मागे उभ्या राहून गातात त्या."

मी एकटा राहतो. मला आजवर "हं" आणि "च्" सोडून दुसरं काही ऐकू आलेलं नव्हतं.

"कधीपासून गातात?"

"या रविवारपासून, असं लिहिलंय त्यानं."

संध्याकाळी मी दाराची कडी तपासली. कामावरचा चांगला माइक आणून खोलीचा आवाज मोजला. पंखा होता. दुसरं काही नव्हतं.

साडेसहा वाजले. तिकडे म्हाताऱ्यानं खुर्ची ओढली असणार.

मी माझी खुर्ची मागे सरकवली. पाठ भिंतीला टेकेपर्यंत. मागे हात घालून बघितला. बोटंही शिरत नव्हती.

मग चेलो लावला. "हं" तीनदा आला.

दुसऱ्या दिवशी आंटींचा फोन आला. "भाऊ आभार मानतो. आता चेलो अगदी स्वच्छ ऐकू येतो म्हणे."

"म्हणजे आता त्या बाई गात नाहीत?"

"नाही, गात नाहीत." त्यांनी पाटी जवळ घेतली असावी, त्या सावकाश वाचू लागल्या. "लिहिलंय, काल त्या गप्प होत्या, नुसता श्वास ऐकू येत होता. तुमच्या समोर बसून होत्या. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ."