दोन आटे जास्त

एप्रिलच्या भर दुपारी, कॉटन मार्केटमागच्या, इंजिनांच्या बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये एक उंच, घामाघूम माणूस शिरला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यानं टेबलावर ठेवलं... तान्ह्या लेकराला ठेवावं तसं, अलगद. मिस्त्री कुठं आहेत, त्यानं विचारलं.

चष्म्याच्या काचा पुसत उत्तरा म्हणाली, "मीच आहो."

वर्कशॉप तिच्या वडिलांचं, मधुकररावांचं. पण चौऱ्याऐंशी साली त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा वाचायचं काम चोवीस वर्षांच्या उत्तराकडे आलं. गिऱ्हाइकं आधी हसत, मग तिचं काम पाहून गप्प बसत. हा मात्र हसला नाही. त्यानं टॉवेल सोडला. आत मोटारीचा पिस्टन होता, आणि त्याचा माथा एका कडेला मेणासारखा वितळला होता.

तिनं तो उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं. "एवढा छळ कोणं केला याचा?"

"मीच," तो म्हणाला. "पिस्टन सांगते का तुमाले सगळं?"

"सांगते. मालकापेक्षा खरं सांगते."

तेव्हा तो हसला, आणि उत्तराला उगाचच पुन्हा एकदा काचा पुसाव्याशा वाटल्या.

त्याचं नाव मधुसूदन, गाव कळमेश्वर. लाकडाचे व्यापारी गणपतराव यांच्या गाड्या तो सांभाळायचा. गणपतरावांनी मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी इंजिनिअराकडून टर्बोची मोटार घेतली होती. टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जास्तीची हवा कोंबतो आणि गाडी सुसाट पळते. पण तेवढ्यानं गणपतरावांचं भागेना. पुढच्या फेब्रुवारीत नागपूर ते भिवापूर मोटारींची शर्यत होती, ती त्यांना जिंकायचीच होती. म्हणून मधुसूदन हवेच्या दाबाचा स्क्रू आवळत गेला होता, आणि पिस्टन गेला.

दाब वाढला की उष्णता वाढते, उत्तरानं त्याला सांगितलं. आपल्याकडचं पेट्रोल हलकं, ते वेळेआधीच भडकतं आणि एकेक भडका पिस्टनवर घणासारखा बसतो. गाडी वाऱ्यासारखी पळत असते ना, तेव्हाच ती आतून मरत असते. तो ऐकत राहिला. पिस्टनकडे कमी, तिच्याकडे जास्त पाहत.

नवा पिस्टन बसवून, स्क्रू सैल करून तो गाडीच घेऊन आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ती वाकून ऐकू लागली... डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज येतो का ते. इंजिनापुढच्या पंख्यात अडकू नये म्हणून त्यानं तिची वेणी हातात धरली. आवाज स्वच्छ होता. त्यानं इंजिन बंद केलं. वेणी मात्र हातातच.

"सोडा आता," ती म्हणाली.

"हो... ध्यानात नाही राहिलं."

मग तो कामाशिवायही येऊ लागला. कधी संत्री, कधी पुड्यातले तर्री-पोहे. शर्यत जिंकलो तर गणपतराव कळमेश्वरला गॅरेजसाठी शेड देणार आहेत, मग मी तुमच्या बाबांशी बोलायला येईन, असं त्यानं एकदा मान खाली घालून सांगितलं. काय बोलाल, तिनं विचारलं. बोअरिंगचं काम आहे म्हणीन, तो म्हणाला, जन्मभराचं. ती खूप हसली, आणि मग तिनं त्याच्याकडून वचन घेतलं: स्क्रू आता आहे तिथंच राहील. त्यानं वचन दिलं.

शर्यतीत गणपतराव स्वतः गाडी चालवत होते आणि मधुसूदन शेजारी बसला होता. उमरेडच्या पुढं, भिवापूरच्या वेशीपाशी इंजिन फुटलं. पिस्टनला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल रस्त्यावर सांडलं, चाकं त्यावरूनच घसरली आणि गाडी कडेच्या मोकळ्या आवारात शिरली. तिथं अंजनाबाई नावाची बाई मिरच्या वाळत घालत होती. तिचा नवरा देवाजी पाणी आणायला गेला होता. तो परत आला तेव्हा ती उरली नव्हती. गणपतरावांचा खांदा मोडला. मधुसूदनच्या कपाळावर नुसता ओरखडा.

आठवड्यानं, तपास अधिकाऱ्यानं त्याच इंजिनाचे तुकडे मापं घ्यायला मधुकररावांकडे पाठवले. उत्तरानं पिस्टन हातात घेतला मात्र, पुन्हा तसाच वितळलेला माथा पाहून तिला सगळं कळलं. पण तुटलेल्या रॉडच्या मानेवर एक काळपट डागही होता. तो जुन्या चिरेचा आहे असं लिहिलं असतं तर कोणी दुसरं बोललं नसतं, आणि मधुसूदन सुटला असता. दोन दिवस ती कोऱ्या कागदापुढं बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटलेला मधुसूदन दारात येऊन उभा राहिला.

"दोन आटे जास्त आवळले मी. शर्यतीच्या सकाळी."

"काहून?" तिनं विचारलं. "वचन दिलं होतं तुम्ही."

"गणपतराव म्हणाले, अजून थोडं. आणि मले शेड पाहिजे होतं. लवकर..." तो थांबला. "तुम्ही पाहिजे होत्या."

ज्या शब्दांची तिनं वर्षभर वाट पाहिली होती, ते असे आले. तिनं रॉड पुढं सरकवला. "याच्यावर डाग आहे. जुनी चीर म्हणून लिहू शकते मी."

"नका लिहू. त्या बाईले मी उचललं, उत्तरा. अंग गरम होतं तिचं अजून. तुम्ही खोटं लिहिलं, तं तुमच्यापाशी येऊ कसा मी?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून मधुकरराव एवढंच म्हणाले, "लिही वं, आहे ते."

तिनं लिहिलं. दाब ठरल्यापेक्षा वाढवल्यानं पिस्टन वितळला, त्यामुळे रॉड तुटला. खाली सही केली. मधुसूदननं कोर्टात गुन्हा कबूल केला. त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. गणपतरावांनाही झाली, पण ते वरच्या कोर्टात गेले.

पहिल्या भेटीच्या दिवशी उत्तरा वर्धा रोडवरच्या जेलमध्ये रांगेत उभी राहिली. शिपायानं रजिस्टर पुढं केलं. नावापुढं नात्याचा रकाना होता. तिनं पेन क्षणभर धरून ठेवला, मग लिहिलं, आणि आत गेली.

जाळीपलीकडे मधुसूदन गोंधळून उभा होता. "शिपाई म्हणाला, बायको आली तुझी. मी म्हटलं, लग्न नाही झालं माझं. तं म्हणते, रजिस्टरात लिहून आहे."

"होणारी लिहिलं होतं," उत्तरा म्हणाली. "अर्धंच वाचलं त्यानं."

त्यानं जाळीला कपाळ टेकवलं. तिनं बोटं जाळीपाशी नेली. पोचत नव्हती. मग तिनं सांगितलं, मी भिवापूरला गेले होते, देवाजीनं बसही म्हटलं नाही. तुम्ही सुटले की आधी तिकडं जाऊ. बाबांशी बोलायचं ते नंतर.

"तो माह्याशी बोलणार नाही," मधुसूदन म्हणाला.

"नाही बोलणार. तरी जाऊ."